खानदेशातले उलगडे : रोजच्या गोष्टींमागचं खरं कारण तुम्हाला कसं कळलं?

जळगाव (धागा सुरू करताना)

एप्रिल लागला की आमच्या गल्लीत माळ्यावरून कूलर उतरतात. गवताच्या नव्या जाळ्या बसतात, टाकीत पाणी पडतं आणि चव्वेचाळीस अंशांच्या दुपारीही खोलीत बसवतं. मृगाचा पाऊस पडला की त्याच कूलरने नुसती चिकचिक होते आणि लोक मिस्त्रीला बोलावतात. खरं तर मोटर ठीक असते, पंपही ठीक असतो. ओल्या गवतातून हवा जाते तेव्हा पाण्याचं बाष्प होतं आणि त्यासाठी लागणारी उष्णता पाणी त्या हवेतूनच घेतं. मे महिन्यातली आपली हवा इतकी कोरडी असते की तिच्यात हे बाष्प सहज मावतं. जूनमध्ये हवा आधीच ओली असते, मग बाष्प होणार कसं? मुंबईत कूलर फारसे का दिसत नाहीत, त्याचं उत्तरही हेच.

अशी कारणं कळली की आपला मुलूख मला नव्याने आवडायला लागतो. म्हणून हा धागा. यंत्र, बोली, निसर्ग, एखादी जागा, काहीही चालेल. फक्त गोष्ट तुम्ही स्वतः पाहिलेली असावी, आणि कारण कसं समजलं तेही लिहा.

साक्री तालुका, शेतकरी

आमच्याकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या तेव्हापासून पारावर एकच वाक्य ऐकू यायचं: "या चक्क्या ढग कापतात, म्हणून पाऊस पडत नाही." दोन-तीन वर्षं ओळीने पावसाने ओढ दिली की हे बोलणं रागाचं व्हायचं. तो राग खोटा नव्हता. पेरणी वाया गेलेल्या माणसाला काहीतरी कारण हवंच असतं.

माझा भाचा चक्क्यांच्या देखभालीच्या कामाला लागला. एकदा घरी जेवताना आमच्या आबांनी त्याला सरळ विचारलं. त्याने कागदावर चित्र काढलं. चक्कीचा मधला भाग जमिनीपासून साधारण ऐंशी मीटरवर. पावसाळी ढगांचा तळ बहुतेक वेळा त्याच्या कित्येक पट वर. पाती तिथवर पोचतच नाहीत.

मग आबा म्हणाले, "पण चक्क्या जिथे आहेत तिथेच पाऊस कमी, हे तर खरं ना?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यांचं निरीक्षण बरोबरच होतं. अरबी समुद्रावरून येणारी हवा सह्याद्री चढताना गार होते आणि आपलं पाणी पश्चिमेकडे टाकते. घाट ओलांडून पूर्वेकडे उतरताना ती पुन्हा तापते, कोरडी होते, पण तिचा जोर टिकून असतो. म्हणजे भरपूर वारा आणि थोडा पाऊस ही जोडी आमच्या भागात आधीपासूनच आहे. चक्क्या लावणाऱ्यांनी वारा पाहून जागा निवडली, आणि तीच जागा पर्जन्यछायेची निघाली. पाऊस कमी पडण्याचं आणि चक्क्या येण्याचं मूळ एकच, सह्याद्री.

आबांनी तो कागद घडी करून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पारावर नेला. सगळ्यांना पटलं असं म्हणणार नाही. पण त्यानंतर गावात बंधाऱ्यांची बोलणी जास्त होऊ लागली, हे मी पाहिलं आहे.

भुसावळ, रेल्वेतून निवृत्त

रेल्वेचं चाक रुळावरून का घसरत नाही, असं कुणालाही विचारा. "आतल्या बाजूला कड असते ना," असं उत्तर मिळतं. आमच्या प्रशिक्षणात पहिल्यांदा हेच खोडून काढलं होतं. चाकाचा रुळावर टेकणारा भाग सपाट नसतो, त्याला उतार असतो, वीसास एक. आतली बाजू जाड, बाहेरची बारीक. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवलेली, त्यामुळे दोघांचे फेरे सारखेच होतात. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं. तेव्हा पूर्ण जोडी थोडी बाहेर सरकते, बाहेरचं चाक आपल्या जाड भागावर आणि आतलं बारीक भागावर येतं, आणि हिशोब आपोआप जुळतो. कड ही शेवटची राखण. तीव्र वळणावर कानठळ्या बसवणारा किर्र आवाज येतो, तो चाक रुळाच्या माथ्यावर आडवं सरकल्याचा, आणि कधी कड रुळाला घासल्याचा.

साक्रीच्या भाऊंना एक विचारायचं होतं: शेजारच्या सगळ्या चक्क्या फिरत असताना एखादीच बंद का दिसते?

धुळे, पाटबंधाऱ्याच्या कामाशी संबंध असलेला

साक्रीकरांनी बंधाऱ्यांचं नाव काढलं म्हणून लिहितो. आमच्या पांझरेवर फड पद्धत आहे. नदीला दगडी बंधारा घालायचा, पाणी पाटात वळवायचं आणि लाभाची जमीन मोठमोठ्या फडांत वाटायची. एका फडात एकच पीक. लहानपणी मला वाटायचं की ही जुनी रीत, बाकी काही नाही. कारण कळलं ते एका म्हाताऱ्या पाटकऱ्याकडून. एकाच फडात एकाचा ऊस आणि दुसऱ्याचा गहू असता तर दोघांची पाण्याची पाळी वेगळी झाली असती, आणि एकाचं पाणी दुसऱ्याच्या पिकात शिरलं असतं. शिवाय शेतकऱ्याच्या पट्ट्या एकाच फडात नसतात, वेगवेगळ्या फडांत विखुरलेल्या असतात. पाणी कमी असलं की काही फड कोरडे ठेवायचे. त्यात प्रत्येकाचा थोडा तुकडा जातो आणि भिजलेल्या फडातही प्रत्येकाचा थोडा असतो. दुष्काळाची झळ सगळ्यांवर सारखी वाटण्याची ही व्यवस्था काही शतकं चालत आली आहे. पाणीवाटपाच्या इतक्या योजना कागदावर पाहिल्या, यापेक्षा न्यायी मला तरी दिसली नाही.

दुसरी गोष्ट सायफनची. विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले आणि सुरुवातीच्या दिवसांतच खानदेशात आले. पांझरेच्या एका पात्राखालून नळ टाकून पाटाचं पाणी पलीकडे न्यायचं, हे त्यांच्या पहिल्या कामांपैकी एक. मी शाळकरी मुलांना असा नळ दाखवायला नेतो तेव्हा हमखास प्रश्न येतो: "पानी वर कसं चढस?" पाणी अलीकडे खाली उतरतं, तळाखालून जातं आणि पलीकडे वर येतं. पंप नाही, वीज नाही.

गंमत अशी की टाकीतून रॉकेल काढायला नळी तोंडाने ओढतो, तोही सायफन आणि हाही सायफन, पण दोघांचं काम उलटं आहे. रॉकेलच्या नळीत द्रव आधी वर चढतो, त्याला हवेचा दाब ढकलतो. पाणी असेल तर ही चढण दहा मीटरच्या पुढे जात नाही. पाटाच्या नळात ती अडचणच नाही. पलीकडचं तोंड अलीकडच्यापेक्षा थोडं खाली ठेवलं की झालं. नळ पूर्ण भरलेला असतो, मागच्या पाण्याचं वजन पुढच्या पाण्याला ढकलतं, आणि ते आपल्या मूळ पातळीच्या जवळपास येऊन थांबतं. सगळं कौशल्य दोन ठिकाणी लागतं: पलीकडची पातळी नेमकी किती खाली ठेवायची, आणि तळाशी बसणारा गाळ कसा काढायचा. मुलांना पारदर्शक नळी आणि दोन बाटल्या दिल्या की ती अर्ध्या तासात स्वतःच हे शोधतात.

चोपडा, शिक्षिका

"बरोबर बारा वाजता सूर्य डोक्यावर" हे वाक्य पाठ करून घेताना मला कायम खटकायचं, म्हणून एकदा मेच्या शेवटच्या आठवड्यात अंगणात काठी रोवून मुलांना बसवलं. सुट्टी होती, तरी पोरं आली. बारा वाजले, सावली होतीच. सव्वाबारा, तरी बारीकशी होती. साधारण बारा पंचवीसला काठीची सावली तिच्या बुडाशी गेली आणि मुलांनी जो गलका केला तो अजून कानात आहे.

आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाचं, म्हणजे मिर्झापूरजवळचं. आपण पंचाहत्तर अंशांच्या आसपास. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात, म्हणून आपली खरी दुपार जवळजवळ अर्धा तास उशिरा होते. आणि सूर्य अगदी माथ्यावर येतो तो आपल्याकडे वर्षातून दोनदाच, मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यावर. जुलैतला बहुतेकदा ढगांत हरवतो. सूर्य माथ्यावर असतो त्या दिवशी ऊन उभ्या विहिरीच्या तळापर्यंत जातं. इजिप्तमधल्या सायीनी गावच्या अशाच विहिरीची गोष्ट ऐकून ग्रीक विद्वान एराटोस्थेनीसने दोन हजार वर्षांपूर्वी पृथ्वीचा घेर मोजला होता. आपल्या गावात विहिरींना तोटा नाही. यंदा तुम्हीही पाहा.

सावदा, केळी बागायतदार

थोडक्यात लिहितो, निसवण (घड बाहेर पडणं) चालू आहे. केळं वाकडं का? घड बाहेर पडतो तेव्हा फण्या खाली झुकलेल्या असतात. मग प्रत्येक केळं जमिनीच्या ओढीच्या उलट, वर वळायला लागतं. खाली लोंबलेलं फळ वर वळलं की वाकणारच. मधले काळे ठिपके म्हणजे न वाढलेली बीजं. बी नाही म्हणून सगळी लागवड कंदाची किंवा ऊतीसंवर्धित रोपांची, आणि म्हणून माझ्या बागेतलं प्रत्येक झाड शेजारच्याची नक्कल. रोगाला एक बळी पडलं की बाकीच्यांकडेही वेगळी ताकद नसते. मोझॅक व्हायरस आला की आम्ही झोप का घालवतो, ते यातून कळेल.

जळगाव, सराफी घराण्यातली सून

दुकानात टंच (सोन्याची शुद्धता) मोजणारं यंत्र आलं तेव्हा सासऱ्यांनी कसोटीचा दगड कपाटात ठेवला नाही. मला नवल वाटायचं. यंत्र दागिन्यावर क्ष-किरण सोडतं. सोनं, तांबं, चांदी प्रत्येकाचे अणू आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत फेकतात आणि पडद्यावर टंच दिसतो. दागिना घासायला नको, कापायला नको. बावीस कॅरेट म्हणजे चोवीसपैकी बावीस भाग, हजारात ९१६.

पण हे किरण सोन्यात केसाच्या जाडीइतकेही खोल जाऊन परत येत नाहीत. वर जाड मुलामा असेल तर यंत्र मुलाम्याचाच टंच सांगतं. म्हणून शंका आली की सासरे दागिना आड जागी जरा खोल घासून दगडावर रेघ काढतात आणि तेजाबाचा थेंब टाकतात. हिणकस धातू विरतो, सोन्याची रेघ उरते. अगदी पक्कं हवं असेल तर तुकडा शिशासोबत भट्टीत तापवायचा. शिसं तांब्यासारख्या धातूंना घेऊन मुशीत मुरतं, चांदी मागाहून तेजाबात विरते, आणि उरतं ते वजन करायचं. हॉलमार्क केंद्रांतही अंतिम शब्द याच रीतीचा. तिन्ही गोष्टी शिकल्यावर सासऱ्यांच्या शेजारी गल्ल्यावर बसायचा मान मला मिळाला, त्याचा मला फार अभिमान आहे.

पारोळा, सध्या पुण्यात

आमच्या आजीला फोनवर बोलून लिहायची सोय करून दिली. ती म्हणाली, "मना डोया दुखस." फोनने भलतंच लिहिलं. तिने ओरडून सांगितलं, तरी तेच. आमच्या अहिराणीत आणि लेवा बोलीत ळ चा य होतो: काया, शाया, केयी. ळ म्हणायला जीभ मागे वळवावी लागते, य ला ती मधेच राहते. फोन मात्र ज्या आवाजांवर आणि ज्या मजकुरावर शिकला त्यात अहिराणी फारशी नाही, म्हणून तो ओळखीचा जवळचा प्रमाण शब्द शोधतो. ग्रियर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाने १९०७ मध्येच खानदेशीची, जिच्यात आपली अहिराणी येते, नोंद मराठीपासून वेगळ्या खंडात केली होती. एवढी जुनी नोंद असलेली बोली यंत्राला अनोळखी राहावी, याचं मला वाईट वाटतं. मी आता आजीच्या गोष्टी तिच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करून ठेवतोय, खाली अहिराणीतच लिहून. तुमच्याही घरी आजी असेल तर करा.

नंदुरबार

आमच्याकडे माळावर काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती आहेत, काही कित्येक किलोमीटर. दगड असे आडवे रचलेले की कुणी गवंड्याने बांधल्यासारखे. माझी माय सांगायची, राक्षसांनी एका रात्रीत बांधल्या. एका भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याबरोबर फिरलो तेव्हा कळलं. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरत असताना जमिनीला पडलेल्या उभ्या भेगांत तोच रस घुसून थिजला. थंड होताना दगड फुटतो तो थंडावणाऱ्या बाजूशी काटकोनात. भेगेच्या बाजू उभ्या, म्हणून तुकडे आडवे. हा दगड आजूबाजूच्यापेक्षा टणक. भोवतालचा झिजून गेला, भिंत उरली. बहुतेक भिंती पूर्व-पश्चिम आहेत, म्हणजे जमीन तेव्हा उत्तर-दक्षिण ताणली जात होती.

आमच्या वाडवडिलांना हे काही माहीत नव्हतं, पण भिंतीच्या चढाच्या बाजूला विहीर खणली तर पाणी लागतं हे माहीत होतं. जमिनीखालचं पाणीही ती अडवते. आमची विहीर तशीच आहे.

अमळनेर

एवढंच सांगतो: आज संगणक सेवांसाठी जगभर ओळखली जाणारी विप्रो १९४५ मध्ये आमच्या अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली. पातळ तेलातून निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडला की ते घट्ट, दाणेदार होतं. खानदेशात तेलबिया होत्या, रेल्वे होती, म्हणून असा कारखाना इथे उभा राहणं मला साहजिक वाटतं.

साक्री तालुका, शेतकरी

भुसावळच्या दादांच्या प्रश्नाबद्दल भाच्याला विचारलं. कधी देखभाल चालू असते, कधी वीजवाहिनीत तेवढी वीज घ्यायला जागा नसते. वारा फार कमी असेल तर पाती फिरत नाहीत, आणि वादळात सेकंदाला पंचवीस मीटरच्या आसपास गेला तर चक्की स्वतःच पाती वळवून थांबते. आणखी एक त्याने सांगितलं. लांबून पाती रमतगमत फिरताना दिसतात, पण चाळीस मीटरचं पातं मिनिटाला पंधरा फेरे घेत असेल तर त्याचं टोक ताशी सव्वादोनशे किलोमीटरने धावत असतं. हिशोब मी कागदावर करून पाहिला, बरोबर येतो.