टॅमवर्थला पहिल्यांदाच वाजवायला जातोय, वाद्यं कशी न्यायची?

सावंतवाडीहून प्रश्न: जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या टॅमवर्थ कंट्री म्युझिक फेस्टिव्हलला आमचा बँड पहिल्यांदाच जातोय. दोन अकूस्टिक गिटार, बँजो, व्हायोलिन आणि एक ढोलकी. काय काय बिघडू शकतं?

रत्नागिरी: दादा, खरी भीती हवेची. किनाऱ्यावरच्या दमट हवेत लाकूड फुगलेलं असतं, तिथल्या कोरड्या उन्हाळ्यात ते आक्रसतं. मग फ्रेटची (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं बोटाला टोचू लागतात आणि कधी पुढची फळी चिरते. वाद्याच्या केसमध्ये आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राखणारी पाकिटं आणि छोटा हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवाच. तारा सुरापासून थोड्या उतरवा, पूर्ण सोडू नका. बँजोचा ब्रिज (तारांखालची घोडी) नुसत्या तारांच्या दाबावर उभा असतो, तो सरकतो. आधीच पेन्सिलने त्याची जागा आखून ठेवा. गिटारच्या हेडस्टॉकभोवती (खुंट्या असलेल्या टोकाभोवती) मऊ कापड ठासून भरा. केस आपटली की मान तिथेच मोडते.

मालवण: ढोलकीचं कातडं आणि खोड, दोन्ही ऑस्ट्रेलियाच्या बायोसिक्युरिटीच्या (बाहेरची कीड-रोग रोखण्याच्या) तपासणीत येतात. देशात शिरताना भरायच्या प्रवासी कार्डावर स्पष्ट लिहा, लपवलंत तर दंड. पुडीच्या कातड्यावर जनावराचे केस उरलेत का, खोडाला बारीक भोकं पडून भुसा गळतोय का, हे घरीच बघा. किडीचं लाकूड अजिबात नेऊ नका.

वेंगुर्ला: पर्यटक व्हिसावर मानधनाचा कार्यक्रम करू नका, कलाकारांसाठी सबक्लास ४०८ हा वेगळा व्हिसा आहे. वीज तिथेही २३० व्होल्ट, फक्त प्लग तिरप्या पिनांचा. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत.