तेरला एका दिवसात काय पाहावं? आणि तेच 'तगर' कशावरून?

पाऊलवाट
पुढच्या आठवड्यात तुळजापूरला जातोय, तेरसाठी एक दिवस राखून ठेवलाय. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजेच सातवाहनकाळातलं तगर, असं सगळीकडे वाचतो. पण 'पेरिप्लस'मध्ये, म्हणजे पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापारी-प्रवासाच्या पुस्तकात, तगर पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर सांगितलंय आणि तेर तर आग्नेयेला येतं. मग खात्री कशाची? आणि बघण्यासारखं नेमकं उरलंय काय?

तेरणाकाठ
माझं आजोळ तेरचं. आधी एक सांगतो, हंपीसारखं उघड्यावर पसरलेलं शहर डोळ्यांसमोर ठेवून येऊ नका. इथे जुन्या शहरावरच आजचं गाव बसलंय. गावाभोवतीच्या टेकाडांना आम्ही 'पांढर' म्हणतो. आजोबा सांगायचे, उन्हाळ्यात पांढरीची माती गाड्यांनी शेतात टाकायला जायची, पिकाला चांगली म्हणून. त्या मातीसोबत किती काय गेलं असेल, आठवलं की अजून जीव तुटतो. पहिला मोठा पाऊस झाला की उताराची माती धुपून खापरं वर येतात, एखादा मणीही चमकतो. दिसलं तर बघा, पण उचलू नका. कुणी विकायला आणलं तर घेऊ नका.

हे सगळं जपलं ते गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी. त्यांच्याच नावाचं शासकीय संग्रहालय गावात आहे, निम्मा दिवस तिथेच द्या. पांढऱ्या मातीच्या बाहुल्यांजवळ थांबा. पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळ्या साच्यांत दाबून मग जोडलेला असतो. कानामागे नीट पाहिलं तर जोडाची बारीक रेघ सापडते. कारागिराने ओल्या बोटाने ती पुसायचा प्रयत्न केलेला असतो, आणि तिथे मी दर वेळी अडकून पडतो. रोमन नाण्यांच्या नकलेची मातीची पदकंही इथे सापडली आहेत. लामतुरेंच्या संग्रहातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर इटलीतल्या पाँपेईत १९३८ साली मिळालेल्या मूर्तीची बहीणच. ज्वालामुखीखाली पाँपेई गाडलं गेलं इ.स. ७९ मध्ये, त्यावरून काळाचा अंदाज करा.

मातीकामाचं हे गाव पुढे गोरोबाकाकांचंही झालं. तेरणेकाठी त्यांचं मंदिर आहे, तिथे टेकल्याशिवाय जाऊ नका.

खापरखुणा
दिशेबद्दल. तेरचं नाव ब्रिटिश पुराभिलेखतज्ज्ञ फ्लीट यांनी १९०१ साली पुढे आणलं. त्याआधी देवगिरी, जुन्नर अशी नावं घेतली जात. पेरिप्लसच्या लेखकाने ही अंतरं गुजरातेतल्या भडोच बंदराच्या बाजूने दिली आहेत, आतल्या मुलखाची दिशा त्याने ढोबळ सांगितली असणार. मला दिवसांचा हिशेब जास्त पटतो. भडोचहून पैठण वीस दिवस, सरळ रेषेत साधारण साडेतीनशे किलोमीटर. पैठण ते तेर दीडशेच्या आसपास, दहा दिवस. गाड्यांची चाल दोन्हीकडे जवळपास सारखीच निघते. तगरहून भडोचला जायचं ते मुख्यतः कापड, जाडंभरडं आणि मलमलही. शिवाय शिलाहार राजे पुढे कितीतरी शतकं स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे तगर नगरीचे स्वामी, म्हणवून घेत होते.

पाऊलवाट
दिवसांचा हिशेब पटला! तेरचं त्रिविक्रम मंदिर मुळात बौद्ध चैत्य, म्हणजे प्रार्थनागृह, होतं म्हणतात, ते खरं का?

तेरणाकाठ
ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स यांचं मत तसं होतं. मागची बाजू अर्धगोल, वर हत्तीच्या पाठीसारखं गजपृष्ठाकार विटांचं छत, समोर नालाच्या आकाराची चैत्यकमान, म्हणून. पण अशी वास्तू त्या काळी हिंदू देवळांचीही असे, त्यामुळे ते सुरुवातीपासून देऊळच होतं असं मानणारे अभ्यासकही आहेत. मला दुसरं मत जवळचं वाटतं, पण हट्ट नाही. पुढचा सपाट छताचा मंडप नंतरचा आहे, तो ओलांडून थेट मागे जा आणि बाहेरून विटांची गोलाई बघा. सकाळी गेलात तर बरं, दर्शनाला गर्दी नसते.