जुन्या घराच्या माजघरात रेडॉन जास्त येत आहे. पेव बुजवावे की आणखी काही करावे?

पूर्वभागी :

सर्वांना नमस्कार. आमचे घर बेळगाव तालुक्याच्या पूर्व भागात आहे; पणजोबांनी बांधलेले, दगडमातीच्या रुंद भिंतींचे आणि कौलारू. माजघरात शहाबादी फरशी आहे आणि तिच्याखाली धान्याचे जुने पेव आहे. गेली तीस वर्षे त्यात जोंधळा उतरलेला नाही. तोंडावर दगडी झाकण ठेवून वरून फरशी घातली, एवढेच. पेव बुजवलेले नाही.

माझी बहीण आयर्लंडमध्ये राहते. रेडॉन हा जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू, त्याने फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. तिकडे घरातील रेडॉनची चौकशी करणे नेहमीचे असल्यामुळे या दिवाळीला येताना तिने तो मोजण्याचे हातात मावणारे यंत्र आणले. पाच आठवडे ते माजघरात ठेवले, तेव्हा सरासरी 410 बेकरेल प्रति घनमीटर आली (बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणे, हे किरणोत्साराचे माप). नंतर दोन-दोन आठवडे इतरत्र ठेवून पाहिले : सोप्यात 90 आणि माडीवर 55. आयर्लंडमध्ये घरांसाठी 200 ही पातळी धरतात, म्हणजे आमचे माजघर तिच्या दुपटीवर आहे.

मला काळजी वडिलांची आहे. त्यांचे वय 76. निपाणीला तंबाखूच्या वखारीत त्यांची उमेदीची वर्षे गेली, विडी अजून सुटलेली नाही आणि थंडीचे चार महिने ते दारे-खिडक्या लावून याच माजघरात झोपतात, कारण घरातली ती सर्वांत उबदार खोली आहे. गावातील गवंड्याचे म्हणणे असे, की पेव मुरूम टाकून भरावे आणि वर काँक्रीट ओतावे. एका दुकानदाराने हवा शुद्ध करणारे यंत्र घेण्यास सांगितले आहे. खर्च एकदाच करायचा आहे, म्हणून तो योग्य ठिकाणी व्हावा. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

भौतिकमास्तर :

आपण प्रत्येक खोली वेगळी मोजली आणि त्यासाठी आठवडे दिले, हे फार चांगले केले. रेडॉनचा आकडा एका दिवसातही खूप वर-खाली होतो. पहाटे तो सर्वांत जास्त असतो आणि दुपारी दारे उघडी असताना उतरतो, त्यामुळे एका रात्रीच्या आकड्यावरून घाबरून जाणे किंवा निर्धास्त होणे, दोन्ही चुकीचे. यंत्र भिंतीपासून व खिडकीपासून दूर, साधारण झोपणाऱ्याच्या नाकाच्या उंचीवर ठेवले होते ना, तेवढे एकदा तपासून घ्यावे.

आता आकड्याच्या अर्थाविषयी. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 साली घरांसाठी 100 बेकरेल ही पातळी सुचवली आणि जिथे ते शक्य नाही तिथेही 300 च्या वर जाऊ नये असे म्हटले. अमेरिकेत 148 ला उपाय करण्यास सांगतात. सर्व धरून विचार केला, तर 410 हा आकडा दुर्लक्ष करण्याजोगा नाही. दीर्घकालीन सरासरीत दर 100 बेकरेलच्या वाढीमागे फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे 16 टक्क्यांनी वाढतो, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे. ही वाढ ज्याच्या-त्याच्या मूळ धोक्यावर होते आणि विडी ओढणाऱ्याचा मूळ धोकाच मोठा असतो. म्हणून रेडॉनमुळे होणारे बहुतेक कर्करोग धूम्रपान करणाऱ्यांत आढळतात. वडिलांची विडी सुटली तर तो घरातील कोणत्याही दुरुस्तीपेक्षा मोठा उपाय ठरेल. हे शहात्तराव्या वर्षी सांगणे सोपे नाही, याची मला जाणीव आहे, तरी सांगावेच.

हा वायू जमिनीतील युरेनियमपासून रेडियम आणि रेडियमपासून रेडॉन अशा क्रमाने तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्याचा अर्धायुकाल (निम्मा वायू विघटित होण्यास लागणारा काळ) 3.8 दिवस, म्हणजे मातीच्या फटींतून वर येण्यास त्याला पुरेसा अवधी मिळतो. खरा अपाय वायूपेक्षा त्याच्यापासून तयार होणाऱ्या पोलोनियमच्या कणांचा असतो. ते धुळीला चिकटून श्वासाबरोबर फुप्फुसात बसतात आणि तिथे अल्फा कण, म्हणजे पेशींना इजा करणारा किरणोत्सार, सोडतात. आपल्या पूर्व भागात बसाल्ट संपून वालुकाश्म आणि क्वार्ट्झाइटचे खडक लागतात. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून पडतो तो त्याच कुळातला. देशनूरच्या परिसरात तर युरेनियमयुक्त वालुकाश्माचे सर्वेक्षणही झालेले आहे. मात्र तेवढ्यावरून गावातील प्रत्येक घर वाईट ठरत नाही. युरेनियम थोडेफार सगळ्याच मातीत असते, आणि घरात किती रेडॉन येईल हे बरेचसे त्याला जमिनीतून आत येण्यास मिळणाऱ्या वाटेवर ठरते. आपल्या घरात ती वाट पेवाच्या रूपाने खोदून ठेवलेली आहे.

आजपासून करता येण्यासारखे एकच : वडिलांचे अंथरूण सोप्यात किंवा जिना चढवत असेल तर माडीवर हलवावे. बाकीचे काम सावकाश झाले तरी चालेल. शुद्धीकरण यंत्राचा पैसा मात्र वाचवावा. ते धूलिकण पकडते, वायू पकडत नाही.

चिरेबंदी :

मी बेळगावात बांधकाम अभियंता आहे. जुनी घरे दुरुस्त करताना अशी पेवे अनेकदा पाहिली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

सर्वांत आधी सुरक्षेविषयी. पेवात कोणीही उतरू नये. बंद पेवात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि प्राणवायू कमी होतो. धान्य काढायला उतरलेली माणसे तिथेच कोसळल्याचे आणि त्यांना काढायला गेलेलेही गेल्याचे प्रसंग आपल्या भागातील जुन्या माणसांना माहीत आहेत. पूर्वी दोरीने कंदील सोडून तो विझतो का हे पाहत असत, पण कंदील जळत राहिला म्हणजे हवा सुरक्षित आहे असे सिद्ध होत नाही. मी पुढे जे सुचवणार आहे, त्यासाठी आत उतरण्याची गरजच नाही.

गवंड्याचा सल्ला मला पटत नाही, आणि का ते समजून घ्यावे. थंडीच्या रात्री घरातील हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असते. ती वर चढून कौलांच्या फटींतून निघून जाते आणि तिच्या जागी जमिनीतली हवा खालून ओढली जाते. घर स्वतःच एखाद्या धुराड्यासारखे काम करते. मुरूम भरून तोंड लिंपले, तरी ही ओढ तशीच राहते, मुरमातून वायू जातोच, आणि पेवाचे तोंड बंद झाल्यावर तो फरशीच्या सांध्यांतून किंवा भिंत आणि जमीन जिथे मिळतात त्या कडेच्या फटीतून वर येतो. नुसते सांधे भरून आकडा पुरेसा उतरल्याचे क्वचितच दिसते. सांधे भरावेत, पण दुसऱ्या उपायाला साथ म्हणून.

तो दुसरा उपाय असा, की जमिनीखालची हवा घरात शिरण्याआधीच पाइपाने ओढून कौलांच्या वर सोडायची. परदेशात यासाठी जमीन फोडून खाली मुद्दाम खड्डा करावा लागतो. आपल्याकडे तो खड्डा पणजोबांनीच करून ठेवला आहे, म्हणून पेव बुजवू नये, त्याचा उपयोग करावा. फरशी उचलून दगडी झाकण काढावे. हे काम माजघराची दारे-खिडक्या सताड उघडी ठेवून, दिवसा करावे, आणि त्या दोन-तीन दिवसांत खोलीत कोणी झोपू नये. मग तोंडावर सळई घातलेली काँक्रीटची लादी बसवावी आणि तिच्यातून 4 इंची पीव्हीसी पाइप वर काढावा. लादीच्या कडा व पाइपाभोवतीची फट नुसत्या सिमेंटने भरू नये, कारण सिमेंट सुकल्यावर केसाएवढी चीर पडते; तिथे पॉलियुरेथेन सीलंट वापरावे.

पाइप भिंतीच्या कडेने नेऊन कौलांच्या वर किमान फूटभर काढावा आणि माडीच्या खिडकीपासून दहा फूट दूर ठेवावा. त्यावर चोवीस तास चालणारा इनलाइन डक्ट फॅन, म्हणजे पाइपाच्या मध्येच बसणारा पंखा, लागतो. स्वयंपाकघरात लावतात तो एक्झॉस्ट फॅन पाइपातून ओढण्याचे काम करू शकत नाही. फॅन घराच्या आत बसवू नये, माळ्यावर नाहीतर बाहेर भिंतीवर बसवावा, कारण फॅनच्या पुढच्या भागातील जोड गळला तर सगळा वायू परत घरातच येईल. आडव्या पाइपाला पेवाकडे थोडा उतार द्यावा, म्हणजे आत साचलेला ओलावा खाली निघून जातो.

ओढ लागली की नाही हे पाहण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. फॅन चालू करून फरशीच्या सांध्याजवळ पेटती उदबत्ती धरावी. धूर सांध्यात खाली वळला तर तिथपर्यंत ओढ पोहोचली, सरळ वर गेला तर नाही. खोलीच्या चारही कोपऱ्यांत हे पाहावे. शिवाय गवंडी पातळी बघायला वापरतात तशी पारदर्शक नळी घेऊन तिचा अर्धचंद्र करावा, त्यात रंगीत पाणी भरून एक टोक पाइपात खोचावे आणि दुसरे मोकळे ठेवावे. दोन्ही बाजूंच्या पाण्यात फरक दिसत असेल तोवर फॅन काम करतो आहे, हे वडिलांनाही येता-जाता कळेल.

एक महत्त्वाचे राहिले. घरात चूल किंवा पाणी तापवायचा बंब असेल, तर फॅन चालू असताना त्याचा धूर घरात उलटा येत नाही ना, हे पहिल्याच दिवशी तपासावे.

खानापूरकर :

आमच्याकडे जांभ्याच्या चिऱ्यांचे घर आहे आणि पाणी बोअरवेलचे. बोअरच्या पाण्यातूनही रेडॉन येतो असे वाचले, म्हणून याच धाग्यात विचारतो. दुसरे असे, की मुलासाठी शेजारीच नवे घर बांधायला घेत आहोत. त्यासाठी आधीच काही करता येईल का?

भौतिकमास्तर :

खानापूरकर, येतो, पण त्याचा वाटा बहुधा लहान असतो. ढोबळ हिशेब असा, की पाण्यात जेवढा रेडॉन असेल त्याच्या साधारण दहा हजाराव्या भागाएवढी भर घरातील हवेत पडते. म्हणजे एका लिटर पाण्यात 370 बेकरेल, अर्थात घनमीटरभर पाण्यात 3,70,000, असतील, तर हवेच्या घनमीटरमागे 37 वाढतात. पाणी उंचावरून टाकीत फवाऱ्याने पडू द्यावे, टाकीला हवा खेळती ठेवावी आणि न्हाणीघराची खिडकी उघडी असावी, एवढे सहसा पुरते. उकळल्यानेही वायू निघून जातो.

ज्यांच्याकडे यंत्र नाही त्यांच्यासाठी : एलआर-115 नावाची फिल्म घरात सुमारे तीन महिने टांगून, नंतर तिच्यावर अल्फा कणांनी पाडलेल्या खुणा प्रयोगशाळेत मोजतात. म्हैसूर आणि मंगळूर विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांत घरातील रेडॉनच्या मोजणीचे काम झालेले आहे. आपल्या जवळचे म्हणून धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात आणि बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठातही पत्र देऊन विचारावे.

चिरेबंदी :

नव्या घरात हे काम सर्वांत स्वस्त पडते. जोत्याची भरणी झाल्यावर पीसीसीच्या (जमिनीवरच्या साध्या काँक्रीटच्या थराच्या) खाली चार इंच स्वच्छ खडी घालावी, चुरी अजिबात नको, म्हणजे हवेला फिरायला जागा राहते. त्यात भोके पाडलेला पाइप ठेवून त्याचे टोक भिंतीतून गच्चीवर न्यावे. खडीवर जाड पॉलिथिन अंथरून जोडावर फूटभर चढ द्यावा. फॅन आताच बसवण्याची गरज नाही. राहायला गेल्यावर मोजून पाहावे आणि लागला तरच बसवावा.

पूर्वभागी :

उशिरा लिहितो आहे, पण काम पूर्ण झाल्यावरच लिहायचे ठरवले होते. वडिलांना त्याच रात्री सोप्यात आणले. पेवाचे झाकण काढले, तेव्हा आतून कुबट, गार हवा आली आणि कडेला चिकटलेले जुन्या पेंढ्याचे अस्तर दिसले. लादी, पाइप आणि 40 वॅटचा फॅन, सर्व चिरेबंदी यांनी सांगितल्याप्रमाणे केले. पहिल्या दिवशी उदबत्तीचा धूर तीन कोपऱ्यांत खाली वळला, देवघराकडच्या कोपऱ्यात मात्र सरळ वर गेला. तिथली फरशी उचलल्यावर भिंतीच्या बुडाशी उंदराचे जुने बीळ निघाले. ते भरून कडेला सीलंट लावल्यावर तिथेही धूर वळला.

चार आठवड्यांची सरासरी आता 72 आहे. वीज गेली की आकडा चढतो. एका रात्री हेस्कॉमची वीज सहा तास नव्हती, तेव्हा सकाळी 190 दिसत होते, म्हणून फॅन इन्व्हर्टरवर घेतला आहे. महिन्याला सुमारे 29 युनिट वाढतात. आमचा वापर गृहज्योतीच्या (राज्य सरकारच्या मोफत विजेच्या योजनेच्या) मर्यादेला टेकलेला असल्याने वरच्या युनिटांचे बिल येते, ते भरायची तयारी आहे. वडिलांच्या विड्या दिवसाला दोनवर आल्या आहेत. पावसाळ्यात दारे बंद असताना आणि जमीन भिजलेली असताना पुन्हा मोजणार आहे. तोपर्यंत यंत्र शेजारच्या काकांकडे दिले आहे, कारण त्यांच्याही सोप्याखाली पेव आहे आणि त्यांची सून बाळाला घेऊन तिथेच झोपते.