परदेशात भाड्याने घर घेताना कुठे फसलात, कुठे वाचलात? (अनुभव धागा)

भाची वालचंदमधून इंजिनिअर झाली, आता जर्मनीला एमएसला चाललीय. व्हिसा झाला, तिकीट झालं, राहायची सोय नाही. आमच्या दादाचं एकच पालुपद: विमानात बसायच्या आधी पत्ता हातात पाहिजे. काल एकाने बर्लिनच्या खोलीचे फोटो पाठवले, डिपॉझिट म्हणून ९०० युरो मागतोय. विश्रामबागेतला फ्लॅट घेताना आम्ही तीनदा जाऊन नळ सोडून बघितले होते, आणि हे न बघताच? बरेवाईट अनुभव लिहा.

मिरजेचा, सध्या बर्लिन

आत्या, पैसे पाठवू नका. आधी माझं ऐका. दोन खोल्या, बाल्कनी, भाडं ४८० युरो. बर्लिनमध्ये एवढ्या स्वस्तात असलं घर मिळत नाही हे मला तेव्हा कुठं माहीत? मालक म्हणे नोकरीसाठी स्पेनला असतो, डिपॉझिट आलं की किल्ली कुरिअरने. विश्वास बसावा म्हणून स्वतःचा पासपोर्टही पाठवला, माझाही मागून घेतला. बाबांनी बँकेत जाऊन फॉर्म भरला. खातं तिसऱ्याच देशातलं होतं, तिथंच खटकायला हवं होतं.

दोन बॅगा घेऊन दारात उभा राहिलो. इथं बेलच्या बटणाशेजारी आडनाव लिहिलेलं असतं. सगळी पाटी दोनदा वाचली, त्याचं नाव नाही. शेवटी एका आजीबाईंनी दार उघडलं. बॅगा बघितल्या आणि म्हणाल्या, "या महिन्यातला तू तिसरा." तो पासपोर्टही माझ्यासारख्याच कुणाचा तरी असणार. आता माझा कुणाला दाखवत असेल, देव जाणे. बाबांना अजून वाटतं, डिपॉझिट रंगरंगोटीत कापलं.

कुपवाडकर

जर्मनीत डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याहून (हीटिंग, पाणी वगैरे वरखर्च सोडून) जास्त घेता येत नाही, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क आहे. दुसरं, राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, तिला घरमालकाच्या सहीचा कागद लागतो. माझा मालक गोड बोलून सही टाळत राहिला. तो स्वतःच भाडेकरू निघाला! पोटभाडेकरू ठेवायची परवानगी त्याला नव्हतीच.

साताऱ्याची लेक, लेस्टर

माझी गोष्ट हळदीची. घर सोडताना मालकाने ओट्यावरचा पिवळा डाग दाखवला आणि निम्मं डिपॉझिट कापतो म्हणाला. डाग माझाच, नाही कशाला म्हणू. आईने दिलेली हळद सांडली होती. पण त्यासाठी अख्खा ओटा बदलायचा खर्च? इंग्लंडमध्ये डिपॉझिट ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत ठेवावं लागतं आणि वाद झाला तर कापायचं कारण मालकाला सिद्ध करावं लागतं. त्याच्याकडे आधीच्या ओट्याचा एक फोटो नव्हता. माझ्याकडे पहिल्या दिवशीचा व्हिडिओ होता, त्यात ओट्याची कड आधीच फुगलेली. किरकोळ रक्कम कापून बाकी सगळी परत आली. आत शिरताना कपाटाच्या आतसुद्धा शूट करा.

टोरांटो

आमच्याकडे ओंटारिओत शेवटच्या महिन्याचं भाडं आगाऊ घेता येतं, पण मोडतोडीचं डिपॉझिट घ्यायला कायद्याने बंदी. तरी नवीन आलेल्यांकडून घेतात, कारण आपण देतो.

हरभट रोड

सगळे परदेशी मालकांना बोल लावताय म्हणून लिहितो. माझ्या दोन खोल्या भाड्याने आहेत. ईशान्येकडची पोरं चौकशीला आली तर मीही आधी "नॉनव्हेज करता का" विचारलंय. पोरगा मेलबर्नला खोली शोधताना चार ठिकाणी नाकारला गेला, तेव्हा ते आठवलं.

धागा काढणारी आत्या

मिरजकर, देव तुमचं भलं करो. भाचीने त्या माणसाला व्हिडिओ कॉलवर घर दाखवा म्हटलं. कॅमेरा बिघडलाय म्हणाला, आणि संध्याकाळी त्याचा नंबरच बंद. आता पहिला महिना हॉस्टेलमध्ये राहणार, घर तिथं जाऊन बघणार. दादा दोन दिवस फुरंगटून होता. आज सकाळी हॉस्टेलचा पत्ता मागून घेतला आणि डायरीत पिनकोडसकट उतरवला.