मदत हवी आहे: नवव्या महिन्यात बाळंतपणाची तयारी म्हणून ॲक्युपंक्चर घेतलंय का कुणी?

नमस्कार. मला ३६ आठवडे पूर्ण झालेत, दुसरं बाळंतपण. पहिल्या वेळी तारीख उलटून आठवडा झाला तरी कळा येईनात. शेवटी दाखल करून आधी गोळी आणि मग सलाईनमधून औषध दिलं. पिशवीचं तोंड दीड दिवस दोन बोटांच्या पुढे उघडेना. बाळ सुखरूप आलं, नॉर्मल आलं, पण त्या दीड दिवसाची धास्ती अजून गेलेली नाही. या वेळी शरीर आधीपासून थोडं तयार करता येईल का, एवढंच डोक्यात घोळतंय.

जाऊबाईंनी त्यांच्या वेळी शेवटचे काही आठवडे, आठवड्यातून एकदा एका बाईंकडून ॲक्युपंक्चर घेतलं होतं. त्याच बाईंकडे परवा नुसती चौकशी करायला गेले. त्यांनी घोट्याच्या आतल्या हाडापासून वर चार बोटं मोजली आणि अंगठ्याने दाबलं. फार जोर नव्हता, तरी एक जड कळ पोटरीपर्यंत गेली आणि ती जागा बराच वेळ ठणकत राहिली. याला स्प्लीन सिक्स म्हणतात. इथे सुई लावून वीस-तीस मिनिटं कुशीवर पडून राहायचं, म्हणाल्या.

घरी येऊन वाचलं तर गोंधळ वाढला. हाच बिंदू, आणि अंगठा-तर्जनीच्या बेचक्यातला, गरोदरपणात टाळायच्या यादीत आहेत. आणि दिवस भरल्यावर कळा याव्यात म्हणून वापरतात तेही हेच! कॉक्रेन म्हणजे वैद्यकीय चाचण्यांचे निकाल एकत्र तपासणारी संस्था, तिचा २०१७चा आढावा वाचला. २२ चाचण्या, ३४५६ बायका. सिझेरियन कमी झाल्याचं दिसलं नाही, पण ॲक्युपंक्चरने पिशवीचं तोंड मऊ व्हायला थोडी मदत झाल्याच्या खुणा आहेत. माझं घोडं तिथेच अडलं होतं, म्हणून जीव अडकलाय.

डॉक्टरांना विचारलं. वार वर आहे, डोकं खाली आहे, बीपी ठीक आहे. "३७ पूर्ण झाल्याशिवाय नको, आणि घेतलंस तर मला सांग. रक्त दिसलं, पाणी गेलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर आधी इकडे यायचं," म्हणाल्या.

ज्यांनी घेतलंय त्यांनी खरंखरं सांगा. फरक पडला, की नुसतं बरं वाटलं? सुयांचा त्रास झाला का? बाईंना आधी काय विचारून घेऊ?

प्रतिसाद:
ताई, मी ३७ ते ३९ आठवड्यांत तीन वेळा घेतलं. सुई केसासारखी बारीक असते, टोचताना मुंगी चावल्यासारखं होतं, मग तो भाग जड पडतो. कळा तारखेच्या दोन दिवस आधी आल्या, पण त्या सुयांमुळेच आल्या असं मी छातीठोक सांगणार नाही. झोप मात्र त्या रात्री हमखास लागायची, आणि शेवटच्या महिन्यात तेही थोडं नाही. पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा, सुया एकदाच वापरायच्या असाव्यात. गरोदर बायकांवर किती काम केलंय आणि कोणता बिंदू कितव्या आठवड्यात घेणार, हे स्पष्ट विचारा. उताणं झोपवलं तर ऐकू नका, डाव्या कुशीवरच.

माझ्या बहिणीचं बाळ ३४व्या आठवड्यात पायाळू होतं. तिला पायाच्या करंगळीच्या नखाच्या कडेला दवण्याच्या जातीतल्या पाल्याची पेटती कांडी धरून शेक दिला होता. बाळ फिरलं. पण त्या सुमारास बरीच बाळं आपणहून फिरतात, असं तिच्या डॉक्टर म्हणाल्या.

धागाकर्ती:
खूप आभार गं. कुशीचं आणि पाकिटाचं मला सुचलंच नसतं. पुढच्या बुधवारी ३७ पूर्ण होतायत. त्याआधी तपासणी आहे, तेव्हा बिंदूंची नावं कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवते आणि त्या हो म्हणाल्या तरच वेळ घेते. झालं की इथेच लिहीन.