बाराबंदीला बंद किती?

धावदोरा : आमचा दहा-बारा जणांचा गट आहे. शिवकाळातले कपडे शिवतो, घालतो आणि गडावर दांडपट्टा, मोडी लेखन वगैरे करून दाखवतो. परवा मी स्वतः शिवलेली बाराबंदी घालून उभा होतो. एक आजोबा आले, चष्मा कपाळावर चढवला आणि माझ्या छातीला बोट लावून गाठी मोजल्या. "तीन! ही कसली बाराबंदी?" म्हटलं, एक आतून आहे, बगलेखाली, ती वरून दिसत नाही. "मग चारबंदी म्हणा," म्हणाले आणि निघून गेले. पुढच्या खेपेला कपड्याशेजारी माहितीची पाटी लावायची आहे. त्यावर काय लिहू? बारा बंद नसतील तर बाराबंदी म्हणायचं नाही का?

मोडीवाला : आजोबा चुकले आणि तुम्हीही. बंद म्हणजे गाठ नव्हे, नाडी. एका गाठीला दोन नाड्या लागतात. म्हणजे बारा बंद, सहा गाठी. तुमच्या चार गाठींचे आठच होतात. चार लावा अजून, विषय संपला.

गड्ड्यावरचा : संपला कसा? सोलापूरला सिद्धेश्वराच्या यात्रेत, संक्रांतीच्या सुमारास, नंदीध्वजामागे पांढऱ्या बाराबंदीतली माणसंच माणसं दिसतात. कुणी कुणाचे बंद मोजत नाही. हे वाचून मी कपाटातून माझी काढली आणि आयुष्यात पहिल्यांदा मोजले. आठ. त्यातला एक आईने परकराची नाडी कापून लावलेला आहे. आता माझी बाराबंदी नाही का?

कानामात्रा : मराठीत 'बारा' हा आकडा कमी आणि 'पुष्कळ' जास्त. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस पाणवठे मोजत नाही. बारा भानगडी करणाऱ्याच्या तेरा निघाल्या म्हणून तो सुटत नाही. बाराबंदी म्हणजे बटणं नसलेली, बंदांनी आवळलेली बंडी. एवढंच.

मोडीवाला : आणि बारा बलुतेदार? ते नावानिशी मोजले जातात.

कानामात्रा : मोजा की. कुठल्या यादीत कोण आहे आणि कोण गळलाय, यावर गावोगावी वेगळी उत्तरं मिळतील. बारा भरवायचे म्हणून भरवलेले असतात.

शब्दशुद्धी : मूळ मुद्दा राहतोय. 'बंद' हा फार्सी शब्द. ज्या राजाने राजव्यवहारकोश करवून घेतला, त्याच्या काळातला कपडा दाखवताना पाटीवर फार्सी लिहायचं? 'बाराबंध' लिहा.

उसवण : तो कोश दरबारी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी होता. गावच्या शिंप्याने तो उशाला घेऊन कापड बेतलं नसणार. आणि शुद्धी करायचीच तर शिवणाच्या डब्यापासून करा. सुई आणि कात्री राहतील. अस्तर गेलं, बखिया गेला, कैची तुर्की म्हणून गेली, गज गेला. मग मोजा छाती बोटांनी. शिवाय फार्सी बंद आणि संस्कृत बंध ही एकाच मुळाची चुलत भावंडं आहेत. एकाला घरात घेऊन दुसऱ्याला ओसरीवर बसवण्यात काय अर्थ?

शब्दशुद्धी : भावंडं असली तरी आडनाव वेगळं. 'दिनांक' आणि 'महापौर' या शब्दांनाही लोक आधी हसलेच होते.

माजघर : आमची आजी या दोन्हींतलं काहीच म्हणत नसे. आजोबांच्या अंगरख्याच्या नाड्यांना ती 'कसे' म्हणायची. एक कसा, दोन कसे. लहानपणी मी धाकट्या भावाला अंगडं घालताना विचारलं, "आजी, कसे बांधू?" ती म्हणाली, "कसे बांध." मी पुन्हा विचारलं, "अगं पण कसे?" "तेच की, कसे!" हे बराच वेळ चाललं. कसणे या क्रियापदाशी याचं नातं असावं असं मला वाटतं. कुणाच्या घरी हा शब्द होता का?

मोडीवाला : आमच्याकडे होता. पण तो पिशवीच्या दोरीला. चंचीचा कसा.

उसवण : बंद किती यापेक्षा ते कुठल्या बगलेखाली, हे कुणी विचारत नाही. मुघल चित्रांत जाम्याची गाठ पाहून माणूस ओळखतात. हिंदू डावीकडे बांधतो, मुसलमान उजवीकडे. धावदोरा, तुमची कुठे?

धावदोरा : डावीकडे. पण खरं सांगतो, मी आरशात बघून बेतली होती. पहिली उजवीकडेच झाली, मग उसवली. बंद करणं हेच मोठं काम असतं हो. दोन बोटं रुंद पट्टी तिरपी नाही, सरळ कापायची, नाहीतर ओढून ओढून लांबते. उलटी शिवायची आणि सुईच्या नेढ्याकडच्या बाजूने आत ढकलत सुलटी करायची. एका बंदाला माझा पाऊण तास जातो. म्हणून आठवर थांबलो, इतिहासाचा काही संबंध नव्हता.

कानामात्रा : सगळं हातानेच?

धावदोरा : बगलेची आतली शिवण मशीनवर मारली. एकच टीप. आजोबांना ती दिसली नाही.

शब्दशुद्धी : म्हणजे बंदांवरून एवढी चर्चा आणि आत मशीन! एलियस हाउ या अमेरिकनाचं शिलाई मशीनचं पेटंट १८४६ चं. तेव्हा पेशवाई बुडून अठ्ठावीस वर्षं झाली होती.

माजघर : पण टीप मशीनचीच असते असं कुठंय? आजी हातशिलाईलाही टीप घालणे म्हणायची.

मोडीवाला : शक्यच नाही. हाताचा तो टाका. टीप मशीनची.

माजघर : मग शाळेत शिवणाच्या तासाला मशीन नसताना बाई 'हातटीप घाला' म्हणायच्या, ते काय होतं?

गड्ड्यावरचा : आमच्याकडे हातटीपच म्हणतात.

उसवण : हातटीप म्हणजे तोच बखिया. म्हणजे पुन्हा फार्सीकडे आलो.

शब्दशुद्धी : आलो नाही. 'हातटीप' आहे ना तुमच्यापुढे, चांगला मराठी शब्द!

धावदोरा : मंडळी, पाटी?

मोडीवाला : 'बाराबंदी (आठ बंद)'.

धावदोरा : ती लावली तर आजोबा परत येतील. दोन बंद जास्तीचे करून ठेवलेत. म्हणजे दहा. कुठल्याच गटात बसत नाही मी आता. कापड कुठलं तेही पाटीवर लिहायचं आहे, मांजरपाट लिहितोय.

कानामात्रा : लिहा. पण त्यात मांजर कुठंय, हे विचारणारे उभे राहतील बघा.