केनियाला जाण्यापूर्वीच्या लसी : फार्मासिस्टची मदत कुठवर?

प्रश्न
माझे मेहुणे टॉवेलच्या निर्यातीसाठी पुढच्या महिन्यात सोलापूरहून नैरोबीला जाणार आहेत. नव्या पेठेतील आमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये यलो फीव्हरची (डासांमुळे पसरणाऱ्या पीतज्वराची) लस मिळत नाही. इंग्लंडमध्ये राहणारी आमची बहीण सांगते की तिकडे प्रवासाच्या लसी फार्मसीतच टोचून मिळतात. मग आपल्याकडे फार्मासिस्टकडून कोणती मदत अपेक्षित धरावी?

उत्तर १ (फार्मासिस्ट, होटगी रोड)
ही लस केवळ केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवरच टोचली जाते, त्यामुळे दुकानदाराने नकार दिला हे योग्यच झाले. प्रमाणपत्र लस घेतल्यानंतर १० दिवसांनी ग्राह्य धरले जाते आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. ते नसल्यास केनियाहून परतताना भारतात ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. तेव्हा केंद्राची वेळ आजच घ्यावी.

आमची खरी मदत दुसरीकडे आहे. संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारा माणूस केंद्रावर ‘काही विशेष औषध नाही’ असे सहज सांगून मोकळा होतो. पण दरमहा तीच पट्टी देणाऱ्या दुकानदाराला ते ठाऊक असते. ही औषधे प्रतिकारशक्ती कमी करतात आणि यलो फीव्हरची लस जिवंत विषाणूची असल्याने अशा रुग्णाला ती धोक्याची ठरू शकते. म्हणून चालू असलेल्या सर्व औषधांची यादी आमच्याकडून लिहून घ्यावी व डॉक्टरांना दाखवावी.

हिपॅटायटिस-बीसारखी लस दुकानातून घेऊन दवाखान्यात नेणार असाल, तर ती २ ते ८ अंशांत राहिली पाहिजे. आपल्या मे महिन्यातल्या उन्हाला घाबरून काही जण ती थेट बर्फावर ठेवतात. मात्र ही लस गोठली की निकामी होते, आणि बाटलीकडे पाहून ते कळेलच असे नाही.

उत्तर २ (डॉक्टर)
वरील मताशी सहमत आहे. वय ६० च्या पुढे असल्यास किंवा अंड्याची तीव्र ॲलर्जी असल्यास केंद्रावर आवर्जून सांगावे. हिवतापाच्या प्रतिबंधासाठी डॉक्सिसायक्लिन लिहून दिल्यास ती परतल्यावरही ४ आठवडे घ्यायची असते, आणि दूध किंवा ॲसिडिटीच्या गोळीबरोबर घेतल्यास तिचा परिणाम घटतो. हे समजावून सांगण्याचे काम, खरे तर, आमच्यापेक्षा फार्मासिस्टच निवांतपणे करू शकतात.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मेहुण्यांचे वय ६२ असून त्यांना संधिवाताची गोळी चालू आहे, त्यामुळे आज संध्याकाळीच दुकानातून यादी घेऊन डॉक्टरांकडे जातो.